मंजूर घर आणि नांदते घर

इंदूर शहराच्या दक्षिण अंगास भंवरकुआं नावाचा चौक आहे. २०२१ साली त्यास टंट्या भिल्ल यांचे नाव देण्यात आले. तथापि लोकांच्या तोंडी जुने नावच रुळलेले आहे. विद्यापीठाचा तक्षशिला परिसर आणि शिकवणीचे वर्ग यांमुळे गावोगावचे विद्यार्थी येथे खोल्या घेऊन राहतात. येथूनच खांडव्याचा रस्ता फुटतो, आणि आग्रा-मुंबई रस्ता पुढे राऊ व महूकडे जातो. या रस्त्यांनी काही अंतर गेले की महापालिकेची हद्द संपते आणि ग्रामपंचायतींची हद्द सुरू होते. हद्दीच्या अलीकडे घराचा विचार भाड्याच्या दराने होतो. पलीकडे तो मातीच्या भिंती, गळके छप्पर आणि पंचायतीच्या यादीतील अनुक्रमांक यांच्या संदर्भात होतो. महाराष्ट्रात ज्यास घरकुल म्हणतात, त्यास माळव्यातील खेडूत कुटीर म्हणतो. नाव कोणतेही असो, सरकारी साहाय्याने बांधावयाचे हे लहानसे पक्के घर अनेक कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे बांधकाम असते.

अशा घरासाठी सरकार पैसा देते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. परंतु तो पैसा खरोखर घरात उतरला की नाही, उतरला असल्यास किती दिवसांत, आणि उतरला नसल्यास तो कोठे अडला, हे पाहण्याची रीत काय, याची माहिती फारच थोड्यांना असते. पंचायतीने करावयाचा हा हिशेब वरवर पाहता रूक्ष वाटतो. पण पाया खोदण्यासाठी जुनी झोपडी मोडून बसलेल्या कुटुंबाला, पुढचा हप्ता पावसाळ्यापूर्वी मिळतो की नंतर, यावर एक सबंध चातुर्मास कोठे काढावयाचा हे ठरवावे लागते. म्हणून हा हिशेब नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

स्वतंत्र भारतात ग्रामीण घरबांधणीचा पहिला मोठा प्रयत्न १९५७ साली झाला. समूह विकास चळवळीचा भाग म्हणून सुरू झालेल्या त्या योजनेत व्यक्तींना व सहकारी संस्थांना दर घरामागे अधिकांत अधिक ५,००० रुपयांचे कर्ज मिळत असे. १९८० पर्यंत, म्हणजे सुमारे तेवीस वर्षांत, त्या योजनेतून सबंध देशात अवघी ६७,००० च्या आसपास घरे उभी राहिली. ज्याच्यापाशी फेडीची ऐपत नाही त्याला कर्ज देऊन घर होत नाही, हा त्यातील पहिला धडा. पुढे १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना आली आणि कर्जाच्या जागी अनुदान आले. १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना म्हणून चालू लागली. तिच्यातून लक्षावधी घरे झाली, हे निर्विवाद होय. परंतु २०१४ साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी केलेल्या तपासणीत जे उणे आढळले, तेही तितकेच लक्षात घेण्याजोगे आहे. घरांची नेमकी तूट किती, याची मोजणी झालेली नव्हती. लाभार्थी निवडताना पारदर्शकता नव्हती. बांधकामावर तांत्रिक देखरेख नव्हती. आणि प्रगतीवर लक्ष ठेवण्याची यंत्रणा दुबळी होती. थोडक्यात, खर्च झालेल्या रुपयांचा हिशेब लागत होता, पण त्या रुपयांतून काय उभे राहिले, याचा हिशेब तितकासा लागत नव्हता.

१ एप्रिल २०१६ पासून त्या योजनेची पुनर्रचना होऊन प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) अमलात आली, ती या अनुभवाच्या आधाराने. २ कोटी ९५ लक्ष घरांचे उद्दिष्ट तिच्यापुढे ठेवण्यात आले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४-२५ ते २०२८-२९ या काळासाठी आणखी २ कोटी घरांना मान्यता दिली. घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. साहाय्याची रक्कम सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ व दुर्गम भागांत १,३०,००० रुपये. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांसारख्या राज्यांत या खर्चाचे ६० टक्के केंद्र व ४० टक्के राज्य सोसते. याखेरीज शौचालयासाठी १२,००० रुपये आणि रोजगार हमीच्या खात्यातून सुमारे ९० दिवसांची मजुरी जोडून द्यावी, असे २०१६ च्या आराखड्यात सांगितलेले होते.

या कामात पंचायतींचे स्थान कोणते, हे प्रथम पाहावयास हवे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने संविधानास अकरावे परिशिष्ट जोडले. पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय त्यात नोंदलेले असून, त्यांपैकी दहावा विषय ग्रामीण गृहनिर्माण हा आहे. पंचायतींच्या पायऱ्या बहुतेक राज्यांत सारख्या असल्या, तरी नावे वेगळी आहेत. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद. मध्य प्रदेशात ग्रामपंचायत, जनपद पंचायत व जिल्हा पंचायत. इंदूर जिल्ह्यात इंदूर, महू, सांवेर आणि देपालपूर अशा चार जनपद पंचायती आहेत. महाराष्ट्रातील गटविकास अधिकाऱ्याचे काम येथे जनपदाचा मुख्य कार्यपालन अधिकारी पाहतो. आणि गावात सरपंचाच्या जोडीला सचिव व ग्राम रोजगार सहायक असतात. घर कोणास द्यावयाचे याची शहानिशा गावाने करावयाची, मंजुरी व पैसा यांची व्यवस्था वरच्या पायऱ्यांनी करावयाची, आणि बांधकाम मात्र लाभार्थ्याने स्वतः करून घ्यावयाचे, अशी ही वाटणी आहे. ठेकेदाराला या योजनेत स्थान नाही. त्यामुळे हिशेब एका मोठ्या कामाचा नसून, प्रत्येक गावातील पाचपन्नास स्वतंत्र लहान कामांचा ठेवावा लागतो. या हिशेबाची खरी अडचण आणि त्याचे खरे महत्त्व, दोन्ही येथेच आहेत.

हिशेबाची पहिली पायरी म्हणजे यादी. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातविषयक गणनेतून बेघर कुटुंबे आणि कच्च्या भिंती-छपरांच्या शून्य, एक वा दोन खोल्यांत राहणारी कुटुंबे निवडण्यात आली. त्यांतही बेघर, भिक्षेवर जगणारे, हाताने मैला वाहण्याच्या कामातील लोक, विशेष दुर्बल आदिम जमाती आणि मुक्त झालेले वेठबिगार यांना अग्रस्थान. ही यादी वरून आली, तरी ती ग्रामसभेपुढे ठेवून खरी-खोटी करून घेणे बंधनकारक आहे. ज्याचे घर यापूर्वीच पक्के झाले, जो गाव सोडून गेला, ज्याचे नाव चुकून आले, त्याचे नाव कारण नोंदवून वगळावयाचे. आणि ज्याचे नाव अन्यायाने वगळले गेले, त्याला जिल्ह्याच्या अपील समितीकडे दाद मागता येते. त्यानंतर जी यादी उरते, ती कायम प्रतीक्षायादी.

परंतु कायम हा शब्द येथे जपून वापरावयास हवा. २०११ साली एका चुलीवर जेवणारे चार भाऊ २०१८ पर्यंत चार चुली मांडून बसले होते. म्हणून जानेवारी २०१८ ते मार्च २०१९ या काळात सुटलेल्या कुटुंबांची नवी पाहणी झाली, आणि २०२४ नंतर भ्रमणध्वनीवरून चेहरा ओळखून करावयाची आणखी एक पाहणी हाती घेण्यात आली. वगळण्याचे निकषही बदलले. आधीच्या निकषांप्रमाणे दुचाकी वाहन किंवा शीतकपाट असलेले कुटुंब अपात्र ठरे. दूध घालण्यासाठी हप्त्याने घेतलेली जुनी मोटारसायकलदेखील घराच्या आड येई. २०२४ साली ही अट उठविण्यात आली आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा १०,००० वरून १५,००० रुपये करण्यात आली. यादी ही अशी त्या त्या वेळच्या नियमांची सावली असते. जो यादीत नाही, तो पुढच्या कोणत्याही हिशेबात दिसत नाही. म्हणून घरांचा हिशेब तपासणाऱ्याने पहिला प्रश्न किती घरे पूर्ण झाली हा विचारू नये. गावात कच्ची घरे किती आणि त्यांपैकी यादीत किती, हा तो प्रश्न होय.

दुसरी पायरी मंजुरीची. लाभार्थ्याची नोंदणी होऊन त्याला एक क्रमांक मिळतो. बँकेतील खाते तपासले जाते. घराची मालकी शक्यतो पत्नीच्या किंवा पतिपत्नींच्या संयुक्त नावाने नोंदविली जाते. मंजुरीचा आदेश निघाल्यापासून कामाच्या सात दिवसांत पहिला हप्ता खात्यात जमा व्हावा आणि मंजुरीपासून बारा महिन्यांत घर पुरे व्हावे, असा दंडक आहे. पैसा हातोहात दिला जात नाही. दोन अधिकाऱ्यांच्या संगणकीय सह्या झाल्या की तो थेट खात्यात जातो. हप्ते निदान तीन असावेत. त्यांची वाटणी राज्याने ठरवावी. मध्य प्रदेशात रूढ झालेली वाटणी पहिला हप्ता २५,०००, नंतरचे दोन प्रत्येकी ४०,००० आणि शेवटचा १५,००० रुपये अशी आहे. पहिला हप्ता मंजुरीबरोबर, मधले हप्ते बांधकाम जसे वर चढेल तसे, आणि शेवटचा घर पुरे झाल्यावर.

तिसरी पायरी छायाचित्रांची. प्रारंभी लाभार्थी सध्या राहतो त्या घराचे आणि नियोजित जागेचे छायाचित्र घेतले जाते. मग पाया, जोते, खिडकीच्या तळापर्यंतची भिंत, दारे-खिडक्यांवरील लिंटल, छप्पर आणि पूर्ण झालेले घर, अशा टप्प्यांवर छायाचित्रे काढावयाची असतात. भ्रमणध्वनीवर काढलेल्या अशा छायाचित्रावर तारीख, वेळ आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात आणि ते योजनेच्या संगणकीय नोंदवहीत जाऊन बसते. लाभार्थ्याने स्वतः छायाचित्र पाठवावे, अशीही सोय ठेवलेली आहे. टप्प्याचे छायाचित्र तपासून मान्य झाल्याखेरीज पुढचा हप्ता सुटत नाही. भोपाळ किंवा दिल्ली येथे बसलेल्या अधिकाऱ्यालाही महू तालुक्यातील एखाद्या वाडीतल्या घराची भिंत कोठवर आली, हे त्यामुळे पाहता येते. पूर्वी एकच घर दोन योजनांत दाखविणे, किंवा जुन्या घराला रंग देऊन नवे म्हणून दाखविणे शक्य होते. ते आता पुष्कळच कठीण झाले आहे. ही सुधारणा मोठी आहे, यात संशय नाही.

तथापि छायाचित्र काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा विवेक ठेवावयास हवा. माळव्याची जमीन काळी आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हातहात भेगा पडतात. अशा मातीत पाया पुरेसा खोल गेला नाही, वा त्यात मुरुमाची भर नीट घातली नाही, तर दोनतीन पावसाळ्यांत भिंतींना तडे जातात. आता जोत्याचे छायाचित्र पाहिले, तर ते वीतभर खोल पायावरचे असो की कमरेइतक्या खोल पायावरचे असो, दोन्ही सारखीच दिसतात. मातीखाली काय आहे, हे छायाचित्र सांगू शकत नाही. ते पाया बुजविण्यापूर्वी तेथे जाऊन पाहणाराच सांगू शकतो. म्हणूनच योजनेच्या आराखड्यात प्रत्येक घर गावपातळीवरील एका कार्यकर्त्याशी जोडून देण्यास सांगितले आहे. गटपातळीवरील अधिकाऱ्यांनी प्रत्येक टप्प्यावरील शक्य तो १० टक्के घरे आणि जिल्हापातळीवरील अधिकाऱ्यांनी २ टक्के घरे प्रत्यक्ष पाहावीत, असा नियम आहे. गवंड्यांच्या शिक्षणाची तरतूदही याच कारणाने केलेली आहे. ज्या गावात गवंडी जाणता आणि तपासणीस वेळेवर येणारा, त्या गावातील घर टिकते. मग छायाचित्र थोडे अंधुक का असेना.

छायाचित्राची दुसरी मर्यादा तारखेची आहे, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. संगणकात जी तारीख उमटते, ती छायाचित्र काढल्याची. जोते ज्या दिवशी पुरे झाले, त्या दिवसाची नव्हे. समजा, एका मजूर कुटुंबाने वैशाखात जोते पुरे करून पंचायतीस कळविले. छायाचित्र काढणारा कर्मचारी ज्येष्ठाच्या अखेरीस आला. आणि हप्ता आषाढात जमा झाला. नोंदवही पाहणाराला असे दिसेल की या कुटुंबाने जोते बांधण्यास फार दिवस लावले. खरे पाहता विलंब कुटुंबाचा नव्हे, कार्यालयाचा होता. पण तो कार्यालयाच्या खाती न पडता कुटुंबाच्या खाती पडला. इकडे जुनी झोपडी मोडलेली, नव्या घराला छप्पर नाही, आणि वर पावसाची झड. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली काढलेल्या त्या दिवसांचा रकाना कोणत्याही नोंदवहीत नाही. यावर उपाय अगदी साधा आहे. पंचायतीने एक वही ठेवावी आणि तीत तीन तारखा लिहाव्या: टप्पा पुरा झाल्याचे कुटुंबाने कळविल्याची, छायाचित्र काढल्याची आणि पैसा खात्यात पडल्याची. या तीन तारखांमधील अंतर मोजले, म्हणजे कोणाचे काम कोठे अडले हे कोणालाही न विचारता कळते. लाभार्थ्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा स्वतःवर लक्ष ठेवते की नाही, याची हीच खूण.

हिशेब वाचण्याचीही एक रीत आहे. ती समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका पंचायतीत एका वर्षी ५० घरे मंजूर झाली. पहिला हप्ता ४७ जणांना मिळाला, दुसरा ३६ जणांना, तिसरा ३१ जणांना, आणि पूर्ण झालेली घरे २५. जिल्ह्याच्या तक्त्यात या पंचायतीपुढे ५० टक्के असा एकच आकडा लिहिला जाईल. पण त्या आकड्याने काय समजले? काहीच नाही. पायऱ्यापायऱ्यांनी पाहिले, तर निराळेच चित्र दिसते. पहिल्या हप्त्यापूर्वी अडलेली ३ घरे: येथे बहुधा खात्यातील नाव जुळत नाही, लाभार्थी वारला आहे, किंवा जागेचा वाद आहे, हे काम दप्तराचे, आणि ते कार्यालयात बसून सुटण्यासारखे आहे. पहिल्या व दुसऱ्या हप्त्यांच्या दरम्यान अडलेली ११ घरे ही सर्वांत चिंतेची बाब. २५,००० रुपयांत खोदाई, दगड, सिमेंट, वाळू आणि गवंड्याची मजुरी भागवून जोते वर आणावयाचे, तेव्हाच पुढचा पैसा मिळावयाचा. ज्याच्या गाठीला काही नाही, तो येथे दुकानदाराच्या उधारीवर किंवा सावकाराच्या व्याजावर जातो, नाही तर थांबतो. तिसऱ्या हप्त्यापूर्वी अडलेली ५ घरे कदाचित ऊसतोडीला, कापूसवेचणीला किंवा शहरातील बांधकामावर गेलेल्या कुटुंबांची असतील. आणि अखेरीस अडलेली ६ घरे छपराखाली आली आहेत, लोक राहतही असतील. केवळ दार, गिलावा किंवा शौचालय राहिल्यामुळे ती अपूर्ण गणली जातात. चार ठिकाणची चार कारणे. आणि चारांसाठी औषधेही चार. सर्वांना एकच सूचनापत्र धाडल्याने त्यांतील एकही घर पुढे सरकणार नाही.

येथे रकमेविषयी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १,२०,००० रुपयांचा आकडा २०१६ साली ठरला. २०२४ च्या विस्तारातही केंद्राने तोच कायम ठेवला. दरम्यानच्या वर्षांत सिमेंट, सळई, वाळू आणि मजुरी यांचे भाव कोठल्या कोठे गेले, हे घर बांधणारा प्रत्येक जण जाणतो. म्हणून अपूर्ण घराचा दोष सरसकट लाभार्थ्याच्या आळसावर ढकलणे न्याय्य नव्हे. जागेचा प्रश्न तर त्याहूनही मूळचा. ज्याच्या नावे हातभर जमीन नाही, त्याला घराचे अनुदान मंजूर होऊनही उपयोग काय? महाराष्ट्रात घरकुलाच्या जागेच्या खरेदीसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजना आहे, आणि मध्य प्रदेशात २०२१ साली आवासी भूखंड देण्याची मुख्यमंत्री योजना निघाली, ती याच अडचणीपायी. घरांच्या नोंदवहीशेजारी जागांची नोंदवही उघडी असल्याखेरीज हा हिशेब पुरा होत नाही.

भंवरकुआंसारख्या शहराच्या कडेच्या भागांत एक आणखी गुंता उत्पन्न होतो. शहर वाढते आणि गावे त्यात मिसळतात. २०१४ च्या सुमारास इंदूर महापालिकेच्या हद्दीत २९ गावे आली. २०११ च्या गणनेत अशी गावे ग्रामीण होती. हद्द सरकताच ती नागरी झाली. ग्रामीण योजना आणि नागरी योजना या दोन निराळ्या खात्यांच्या, निराळ्या रकमांच्या आणि निराळ्या अर्जांच्या योजना आहेत. २०१५ साली निघालेल्या नागरी योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राकडून दीड लक्ष रुपयांचे साहाय्य ठेवलेले होते. रक्कम मोठी, हे खरे. परंतु एका यादीतील नाव दुसऱ्या यादीत आपल्या पायांनी चालत जात नाही. गावाची ग्रामसभा संपली, प्रभागाची ओळख अजून झालेली नाही, अशा मधल्या काळात कच्च्या घरातील कुटुंब दोन्ही हिशेबांच्या बाहेर राहण्याचा धोका असतो. हद्द बदलताना जमिनींचे व करांचे दप्तर जसे काळजीने हस्तांतरित होते, तसेच घरासाठी थांबलेल्यांच्या यादीचेही झाले पाहिजे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच आहे, असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलांनी घरबांधणीच्या प्रगतीचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करावा लागतो, आणि २०१८ पासून तेथे गृहपूर्तीची एक कसोटी लावली जाते. मागील तीन वर्षांत जितकी घरे हवी होती आणि जितकी झाली, त्यांचे प्रमाण काढावयाचे. ते ९५ टक्क्यांखाली गेले, तर कौन्सिलाने कृतियोजना सादर करावयाची. पण या कसोटीत सर्व प्रकारची घरे एकत्र मोजली जातात. त्यामुळे एखादे कौन्सिल कसोटीस उतरले, तरी त्याच्या खेड्यांत मजुरांना व तरुण जोडप्यांना परवडेल असे एकही घर झालेले नसण्याचा संभव राहतो. यासाठी तेथे खेड्यांच्या कडेला, जेथे एरवी बांधकामाची परवानगी मिळत नाही अशा जागी, केवळ स्थानिक गरजूंच्या स्वस्त घरांसाठी अपवाद म्हणून परवानगी देण्याची पद्धत आहे. ते घर पुढेही स्वस्तच राहील, अशी अट १९९० च्या नगररचना कायद्याखालील करारात घातली जाते. म्हणजे तेथील कौन्सिलाला घर झाले की नाही एवढेच पाहून भागत नाही. ते ज्याच्यासाठी बांधले त्याच्यासाठीच राहिले की नाही, हेही पाहावे लागते. देश निराळा, कायदा निराळा. पण एकूण आकड्याच्या आड गाव दडते, हा अनुभव दोन्हीकडचा एकच.

मग या सर्व हिशेबावर शेवटची नजर कोणाची? जिल्ह्यात खासदारांच्या अध्यक्षतेखाली विकास समन्वय व संनियंत्रण समिती असते. केंद्राकडून राष्ट्रीय निरीक्षक येतात. परंतु खरी तपासणी गावातच व्हावयाची. प्रत्येक ग्रामपंचायतीत वर्षातून निदान एकदा सामाजिक लेखापरीक्षण व्हावे, असे योजनेने सांगितले आहे. नोंदवहीतील नावे, रकमा आणि टप्पे लोकांसमोर मोठ्याने वाचावयाचे आणि ज्याचे नाव त्याने उभे राहून होय किंवा नाही म्हणावयाचे, असा त्याचा गाभा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे. या सभांकडे पुष्कळ लोक केवळ उपचार म्हणून पाहतात, आणि हजेरीपटावर सह्या झाल्या की सभा झाली असे समजतात. परंतु ज्या सभेत घरांची यादी संपूर्ण वाचली जाते, त्या सभेत मेलेल्याच्या नावाचे घर, दोनदा मंजूर झालेले घर, आणि पूर्ण म्हणून नोंदलेले पण कुलूपबंद राहिलेले घर एकाही यंत्राच्या मदतीशिवाय उघडकीस येते. कारण कोणाच्या घरी धूर निघतो आणि कोणाच्या नाही, हे शेजाऱ्याइतके कोणास ठाऊक असणार?

लाभार्थ्याने आपला नोंदणी क्रमांक, मंजुरी आदेशाची प्रत आणि प्रत्येक हप्त्याची तारीख जपून ठेवावी. टप्पा पुरा होताच पंचायतीस लेखी कळवावे आणि त्याची पोच घ्यावी. गावातील शिक्षक, शिकलेली मुले, बचतगटांतील महिला यांनी ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी एवढे काम केले, तरी अडलेल्या घरांपैकी कितीतरी मोकळी होतील. भंवरकुआंत शिकण्यासाठी राहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे आईबाप अशाच गावांत आहेत. योजनेची नोंदवही सर्वांना पाहण्यासाठी खुली आहे, आणि खिशातील यंत्रावर ती उघडणे त्यांच्या हातचा मळ आहे. सुटीत घरी जाताना आपल्या पंचायतीची यादी पाहून ठेवणे आणि ग्रामसभेत एक प्रश्न विचारणे, ही काही फार मोठी मागणी नव्हे.

मंजूर घर ही कागदावरील घटना आहे. पूर्ण घर ही छायाचित्रातील घटना आहे. नांदते घर ही मात्र गावातील घटना आहे. पहिल्या दोहोंचा हिशेब जनपद आणि जिल्हा यांना ठेवता येतो व त्यांनी तो चोख ठेवलाच पाहिजे. तिसऱ्याचा हिशेब गावाखेरीज दुसऱ्या कोणाला ठेवता येणार नाही. आणि तो गावाने ठेवला नाही, तर पहिले दोन कितीही जुळले तरी काही कुटुंबे पुढच्या पावसाळ्यातही ताडपत्रीखालीच राहतील.